विहिरीची बारी आणि सुनेचं पॅकेज

माझ्या सुनेला पुन्हा नोकरी करायची होती आणि कोणी देत नव्हतं. गोष्ट एवढीच आहे. लग्नाआधी ती एका कंपनीत कॉम्प्युटरवर कोड लिहायची. मूल झालं, मग तिचे सासरे अंथरुणाला खिळले, मग ते गेले, आणि या सगळ्यात तिची नोकरी सुटली ती सुटलीच. आता नातू शाळेत जाऊ लागला होता. ती अर्ज करायची. कुठे मुलाखतीला बोलावलं तर सगळे एकच विचारायचे, मधली वर्षं काय केलंत? काय केलं ते आम्हाला घरात दिसत होतं. अर्जात लिहायला त्याला जागा नव्हती.

तिच्या कॉलेजातली एक मैत्रीण आता एका कंपनीत वरच्या जागेवर आहे. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "तुझं नाव मी पुढे करीन. पण माझ्या हातात काहीतरी दे. लहान असू दे. पण तू केलेलं, सगळ्यांना दिसेल असं बाहेर ठेवलेलं, आणि तुझ्याशिवाय आणखी कोणीतरी खरंच वापरत असलेलं. घरच्या घरी केलेलं इथे कोणी धरत नाही."

फोन स्पीकरवर होता आणि मी मेथी निवडत होते. शेवटचं वाक्य ऐकून मला राग आला. पण ती बाई खोटं बोलत नव्हती.

आम्ही नाशिक रोडला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मुलगा सरकारी नोकरीत, सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. दिवसभर घरात आम्ही दोघीच. सून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, कारण वायफाय तिथेच नीट येतं, आणि मी माझं काम तिथेच करत असायचे. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कोड मला वाचता येत नाही. पण काम करणारं माणूस कुठे अडलं आणि कुठे सुटलं, हे समोर बसल्यावर कळतं.

पॅकेज म्हणजे काय ते तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिला स्वतःलाच ते बोलून बघायचं होतं.

"आई, कोड लिहिणारे सगळेजण सगळं पहिल्यापासून लिहीत बसत नाहीत. एखादं छोटं काम कोणीतरी एकदा नीट करतं, ते बांधून बाहेर ठेवतं. ज्याला लागेल तो ते उचलतो आणि आपल्या कामात जोडतो."

"फुकट?"

"फुकट."

"मग करणाऱ्याला काय मिळतं?"

"नाव मिळतं."

"आपल्याकडे एखादी काळा मसाला करून ठेवते आणि अख्खी आळी वाटी घेऊन येते, तसंच की. तिला तर नावसुद्धा मिळत नाही."

ती हसली, पण थोडंच. तिला सुचलेली कामं सगळी आधीच कोणीतरी करून ठेवलेली होती. तारखा मोजणं, आकडे अक्षरात लिहिणं, असली. ती शोधायची आणि लॅपटॉप मिटून भांडी घासायला लागायची. भांडी घासायला आमच्याकडे बाई येते.

काम मिळालं ते माझ्या धाकट्या जावेच्या फोनमुळे. आमचं गाव दिंडोरीच्या बाजूला. तिथे शेतात एक विहीर आहे, सामाईक. तीन वाटे. एक आमचा, एक जावेचा आणि एक चुलत दिरांचा. मोटार एक आणि रोज एकाची बारी. ज्याची बारी त्याने सकाळी आपल्या पाइपाचा वॉल उघडायचा, बाकीच्यांनी आपले बंद ठेवायचे. आमचा वाटा जाऊ आणि तिचा मुलगाच करतात. म्हणजे तीन दिवसांतले दोन दिवस पाणी त्यांच्या हातात आणि एक दिवस दिरांच्या. हिशोब बरोबर आहे, पण दिरांना तो बोचतो. बारी कोणाची हे जो तो आपल्या घरच्या कॅलेंडरवर लिहायचा. महिना उलटताना कोणीतरी कॅलेंडरचा एक चौकोन चुकायचा आणि मग विहिरीवर दोघं उभे. जाऊ त्याचीच तक्रार करत होती.

"हे मी करते," सून म्हणाली.

"काय करतेस? पाणी वाटायला जातेस?"

"कोणाची बारी ते सांगणारं. वाटेकरी कोण कोण, सुरुवात कधी, एकेकाची बारी किती दिवस, एवढं सांगितलं की कोणत्याही तारखेला कोणाची बारी ते सांगेल. विहिरीलाच लागेल असं नाही. सोसायटीत जिना कोणी धुवायचा, त्यालाही चालेल."

मुख्य काम तिने एका सकाळीच लिहिलं. मला वाटलं, संपलं. संपलं कसलं, तिथून पुढे खरं सुरू झालं. ते तपासायचं कसं, दुसऱ्याला समजावायचं कसं, नाव काय द्यायचं, बांधायचं कसं, पाठवायचं कुठे. यातलं तिने कधीच केलं नव्हतं. पूर्वीच्या नोकरीत ती दुसऱ्यांची पॅकेजं वापरायची, स्वतःचं कधी केलं नव्हतं. व्हिडिओ बघायची, थांबवायची, लिहायची, पुन्हा बघायची.

तपासणीला तिने मला धरलं. बारी सोमवारी जावेपासून सुरू झाली तर त्याच्या पुढच्या रविवारी कोणाची? मी बोटांवर मोजून सांगायचे, मग ती मशीनला विचारायची. दोघांचं जुळलं की पडद्यावर हिरवं यायचं. एकदा लाल आलं. मी म्हटलं, तुझं मशीन चुकलं. चूक माझी होती. फेब्रुवारीला मी तीस दिवस दिले होते.

मग वापरणाऱ्यासाठी माहिती लिहायची होती. ती तिने इंग्रजीत लिहिली आणि मला मराठीत सांगितली. पहिला अर्धा भाग हे तिला का करावंसं वाटलं, त्याचा होता.

"हे कोण वाचणार?" मी विचारलं.

"ज्याला वापरायचं तो."

"त्याला तुझी कहाणी कशाला? कुकरच्या डब्यात कागद येतो त्यावर शिट्टी कशी बसवायची ते असतं. कुकर बनवणाऱ्याचं बालपण नसतं."

तिला ते लागलं. उठून तासभर कपड्यांच्या घड्या घातल्या. मग तेवढा भाग काढून टाकला.

नावाचं तर आणखी वेगळं. तिला 'बारी' एवढंच नाव हवं होतं. ते आधीच कोणीतरी घेतलेलं. उघडून पाहिलं तर आत काहीच नाही, नुसतं नाव अडवून ठेवलेलं. लोक प्लॉट घेऊन कंपाउंड घालतात आणि वर्षानुवर्षं तिथे गाजरगवत वाढतं, तसं. शेवटी तिने पुढे विहीर जोडली आणि ते नाव मोकळं निघालं.

पाठवलं त्या दुपारी ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. "आई, गेलं."

"कुठे?"

"बाहेर. आता कोणालाही घेता येईल."

संध्याकाळी मुलगा आल्यावर तिने त्याच्या लॅपटॉपवर परक्यासारखं ते मागवून पाहिलं. आलं. उघडलं तर आत माहितीचं पान होतं, नाव होतं, तिचा पत्ता होता, पण काम करणारा भागच नव्हता. बांधताना तो फोल्डर घ्यायचा राहून गेला होता.

"आहेराचं पाकीट दिलंस," मुलगा म्हणाला, "आत नोट घालायची राहिली."

ती हसली नाही. पाठवलेल्या प्रत्येक पॅकेजला एक नंबर पडतो, आवृत्तीचा. तिला तोच नंबर ठेवून आत नीट माल भरायचा होता. तसं चालत नाही. एकदा दिलेला नंबर परत वापरता येत नाही. चुकीचं गेलं तर पुढचा नंबर घ्यायचा आणि त्याखाली बरोबर करून द्यायचं. हा नियम ज्याने केला त्याला माणसं ठाऊक आहेत. त्याच नंबराखाली बदलता आलं असतं तर कोणाकडे कुठलं आहे याचा पत्ताच लागला नसता.

दुसऱ्यांदा नीट गेलं. जावेचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, शेती करतो पण त्याला फोनमधलं कळतं. फवारणीच्या तारखा दाखवणारं एक पान त्याने स्वतःच बनवलेलं होतं. त्यात त्याने सुनेचं पॅकेज जोडलं. लाईट कधी नव्हती तेही तो तिथे लिहायचा. जाऊ, दीर आणि आम्ही, तिन्ही घरांच्या फोनवर ते पान उघडलं की आज कोणाची बारी ते मोठ्या अक्षरात दिसायचं आणि लाईट नसलेल्या दिवसापुढे तशी खूण असायची. दीर आधी म्हणाले, "मला कॅलेंडर बस हाय." मग आठवड्याने त्यांची नात सांगत होती की आजोबा चहाच्या आधी फोन बघतात.

सुनेने मैत्रिणीला कळवलं, तीन घरं वापरतात. मैत्रीण म्हणाली, छान, पंधरवड्याने आमचे साहेब बघतील, तुझ्याशी बोलतील. घरात बरं वाटायला लागलं. सून नातवावर कमी ओरडायला लागली. मीही तिला कमी बोलायला लागले.

आणि गावातली डीपी जळाली.

डीपी म्हणजे रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर. तो जळला की शेतातली लाईट गेली. दोन दिवस मोटार बंद. पहिला दिवस जावेच्या बारीचा, दुसरा आमच्या, म्हणजे तोही तिच्याच हातातला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. "अक्का, माझ्या दोन्ही बाऱ्या गेल्या. उद्या लाईट येणार म्हणतात आणि उद्याची बारी त्यांची. कांद्याला शेवटचं पाणी आहे माझ्या. फोनमध्ये तर त्यांचंच नाव येतंय."

मी म्हटलं, "असं कसं? लाईट नव्हती हा काय तुझा गुन्हा? बारी सरकते. कायम सरकत आली." आणि फोन ठेवून सुनेला सांगितलं, तुझ्या मशीनला लाईट गेलेली कळते पण बारी सरकवायची कळत नाही.

सुनेला ते खरं वाटलं. न वाटायला कारण नव्हतं, मी त्या विहिरीवर उभं आयुष्य काढलेलं. तिने कोड बदलला, लाईट नसेल तो दिवस धरायचा नाही आणि बारी पुढे न्यायची. दोघींनी बोटांवर तपासलं, हिरवं आलं. मग तिने नंबरातला शेवटचा आकडा एकाने वाढवला आणि पाठवलं. त्या नंबरात तीन आकडे असतात. शेवटचा वाढला की किरकोळ दुरुस्ती, वापरणाऱ्याने काळजी करू नये. पहिला वाढला की मूळचंच काही बदललं, वापरणाऱ्याने थांबून बघावं. तिने किरकोळ म्हणून पाठवलं. आणि पुतण्याने आपल्या पानात लिहून ठेवलं होतं, जे नवीन येईल ते आपोआप घ्यायचं. त्याच्या हाताचं एक काम वाचावं म्हणून.

दिरांनी आदल्या दिवशीच फोन बघून ठेवला होता. उद्या आपली बारी. सकाळी लाईट आली, त्यांनी जाऊन आपला वॉल उघडला. थोड्या वेळाने जाऊ आली. तिच्या फोनवर तिचं नाव. तिने आपला वॉल उघडला आणि त्यांचा बंद केला. ते म्हणाले, हात लावायचा नाय. तिने फोन दाखवला. त्यांनी आपला काढून पाहिला तर त्यातही तिचंच नाव. काल होतं ते आज नाही, हे पाहून माणसाचं डोकं फिरणारच. त्यांनी मोटारीचा स्टार्टर पाडला आणि त्याच्या पेटीला कुलूप घातलं. दिवसभर लाईट होती, विहिरीत पाणी होतं, आणि कोणाच्याच कांद्याला थेंब मिळाला नाही.

मग त्यांचा मला फोन.

"वहिनी, तुमच्या सुनेनं नाशिकात बसून माझं पाणी फिरवलं."

"भाऊजी, तिने नाही फिरवलं, लाईट गेली म्हणून..."

"लाईट समद्यांचीच गेली. तीनातले दोन दिवस तुमचे आन् मशीन बी तुमचंच. लय भारी काम हाय. आजपासून माझं कॅलेंडर आन् मी. त्या पोराला सांगा, माझं नाव त्या पानातून काढ."

सुनेने हे ऐकलं. ती पांढरी पडली. मला वाटलं भांडणाने, पण ती म्हणाली, "आई, काकांनी सोडलं तर राहिलं कोण? तुम्ही आणि काकू. म्हणजे आपलेच. मैत्रिणीला काय सांगू? कोणी परकं वापरत होतं, त्याने फेकून दिलं?"

मुलगा जेवताना म्हणाला, "वापरतात म्हणून सांग. तो साहेब काय विहिरीवर येऊन बघणार आहे?"

"मी सांगणार नाही तसं," ती म्हणाली.

"मग जुनं होतं ते गुपचूप परत घाल."

"मग काकू कुलूप लावतील."

मी म्हटलं, "उद्या गावाला जाऊ. तुझं ते यंत्र बरोबर घे." तिला जायचं नव्हतं. आमच्याकडे सून चुलत सासऱ्यांसमोर उभी राहून भांडणात बोलत नाही. पण घरात बसून हे सुटणार नव्हतं, आणि तिच्याऐवजी मी कोड बदलू शकत नव्हते.

पंचवटीतून जीप मिळाली. वाटेत ती एकदाच बोलली. "आई, बारी सरकते हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे ना?"

"नक्की," मी म्हटलं. आणि तसंच मला वाटत होतं.

दिरांच्या कांदाचाळीजवळ सगळे बसलो. दीर बाजेवर, मी आणि जाऊ सतरंजीवर, पुतण्या उभा, सून लॅपटॉप पोटाशी धरून एका कडेला. दिरांच्या बायकोने पाणी दिलं आणि मध्ये पडली नाही. शहाणी बाई आहे.

सून म्हणाली, "काका, मला ओरडा. पण आधी मला समजून घ्यायचंय. लाईट गेली तर बारीचं काय होतं?"

"बुडती. ज्याचं नशीब त्याचं. दुसऱ्याचा दिवस कशापायी जाईल?"

"सरकते," जाऊ म्हणाली.

"बुडती."

"आणि मागल्या साली तुमच्या बारीला मोटार जळाली तेव्हा? मोटार दुरुस्त होऊन आली त्या दिवशी माझी बारी होती. पाणी कोणी घेतलं? तुम्ही घेतलं. तेव्हा बरं सरकली."

मला वाटलं आता ते अडकले. पण दीर शांतपणे म्हणाले, "तवा ती सरकली नव्हती. मी तुझ्या दारात आलो होतो. 'माझं टोमॅटो जळतंय, तुझी बारी मला दे,' म्हणालो. तू दिली. मी मागून घेतली होती."

ते आले होते हे जावेला आठवत होतं.

मलाही एकेक आठवायला लागलं. आमच्याकडे बारी सरकायची, म्हणजे काय व्हायचं? घरातलं कोणीतरी जायचं आणि मागायचं. माझे मालक जायचे. कधी मला पाठवायचे, सुपात चार वांगी घेऊन. समोरचा कुरकुरायचा, चहा पाजायचा आणि द्यायचा. एकदा नाही दिली तर नाही दिली, आम्ही परत आलो. घरी येऊन आम्ही म्हणायचो, बारी सरकली. मागितली होती हे कोण सांगत बसतं? तिन्ही घरांत आपल्या सोयीचं तेवढं राहिलं होतं. दिरांच्या घरात 'बुडते' राहिलं आणि आमच्या 'सरकते'.

सून लॅपटॉपच्या झाकणावर बोट घासत होती. मग म्हणाली, "म्हणजे काका, राग बारी गेल्याचा नाही."

"कशाचा हाय मग? तूच सांग."

"तुम्हाला न विचारता गेली त्याचा."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, पोरगी बोलायला चांगली हाय."

"बोलतच नाही," मी म्हटलं, "आज तुमच्यामुळे बोलली."

"काका, मी ते सरकवणं काढून टाकते," ती म्हणाली. "बारी बुडाली तर बुडाली म्हणून दिसेल. पण ज्याची बुडाली त्याला मागता येईल. ज्याच्याकडे मागितली त्याच्या फोनवर येईल. त्याने 'दिली' म्हटलं तरच नाव बदलेल."

"आन् मी नाय म्हटलं तर?"

"तर तुमचीच."

"काहीच नाय म्हटलं तर?"

"तरी तुमचीच."

"आन् पुन्यांदा कोणी सांगितलं म्हणून तू बदलशील." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

ती म्हणाली, "मूळचं काही बदललं तर मी पहिला आकडा वाढवीन. तो वाढला की पान आपोआप नवीन घेणार नाही. तिन्ही घरांना आधी सांगायचं, मग घ्यायचं." मग पुतण्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या पानात तसं करता येईल ना?"

पुतण्या म्हणाला, "करतो, वहिनी. तेव्हाच करायला हवं होतं."

"तू तर गपच बस," त्याची आई त्याला म्हणाली.

दीर उठले, चाळीपर्यंत गेले, एक कांदा उचलून दाबून पाहिला आणि परत आले. त्यांना घाई नव्हती. कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात होती. भांडणाचा दिवस कोणीच धरला नव्हता, म्हणून कुलूप निघालं की पहिला दिवस त्यांचाच होता. मग जावेला म्हणाले, "मग मागत का नाय?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी तिला कोपराने ढोसलं.

"भाऊजी, माझ्या दोन बाऱ्या बुडाल्यात. कांद्याला शेवटचं पाणी आहे. द्या."

"चहा घ्या आधी," ते म्हणाले.

चहा झाला. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "एक दिली. दुसरी नाय. माझा बी कांदाच हाय."

"एक बस झाली," जाऊ म्हणाली. जीपपर्यंत पोचवायला आली तेव्हा ती मला म्हणाली की एकच मिळेल असं धरूनच तिने दोन मागितल्या होत्या.

घरी आल्यावर सूनबाई कामाला लागली. आता तिला व्हिडिओ फार बघावे लागत नव्हते. सरकवणं काढलं, मागणं आणि देणं घातलं. तपासायला आम्ही दोघी बसलो. मागितली आणि दिली. मागितली आणि नाही दिली. मागितली आणि समोरचा गप्प. जो गप्प त्याचीच बारी राहते की नाही हे मी तिला तीन-चार वेगळ्या तारखा घालून बघायला लावलं, कारण दीर तेच आधी बघणार होते. माहितीच्या पानावर पहिली ओळ तिने लिहिली ती अशी: बारी आपोआप सरकत नाही, ती मागावी लागते. त्याखाली काय बदललं आणि का, ते थोडक्यात. चुकलेला नंबर तिने लपवला नाही. त्यावर 'हा वापरू नये' अशी खूण केली आणि कारण लिहिलं. या वेळी पहिला आकडा वाढवला. गावात पुतण्या तिन्ही घरी जाऊन सांगून आला, मगच पानात नवीन जोडलं. दिरांनी त्यांचं नाव ठेवू दिलं. कॅलेंडरही त्यांनी भिंतीवर ठेवलं आहे, त्याला कोणाची ना नाही.

साहेबांचा फोन ठरल्या दिवशी सकाळी आला. ती आतल्या खोलीत दार लावून बसली. भिंत पातळ आहे. बोलणं इंग्रजी होतं, पण मधून मधून 'बारी', 'विहीर', 'काका' ऐकू यायचं. एकदा ती 'दिली' म्हणाली आणि पलीकडचा माणूस हसला. मग बराच वेळ तोच बोलत होता. मी पोळ्या करत होते. दोन करपल्या.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाला?"

"विचारलं, कोण वापरतं. मी म्हटलं, तीन घरं आणि एक विहीर. मग विचारलं, एवढ्या लवकर पहिला आकडा का वाढवावा लागला."

"मग?"

"मग सगळं सांगितलं. कुलपापर्यंत."

"आणि?"

"म्हणाले, सहा महिने आधी तात्पुरतं घेऊ. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला यावं लागेल, बाकी घरून. पुढल्या सोमवारपासून येता का, विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

ती ओट्याला टेकली. करपलेल्या पोळीकडे बघत म्हणाली, "म्हटलं, घरी विचारून कळवते."

"घरी कोणाला विचारणार?"

"यांना. तुम्हाला. त्या दोन दिवशी बाळाला शाळेतून कोण आणेल, स्वयंपाक..."

"बाळाला मी आणीन. स्वयंपाक मी करीन आणि तो तुझ्यासारखा होणार नाही. ज्याला आवडणार नाही त्याने बाहेर खावं. नवरा संध्याकाळी येईल तेव्हा त्याला सांग. विचारू नकोस, सांग." मी गॅस बंद केला. "तो माणूस वाट बघत असेल. लाव फोन."

ती तिथेच उभी राहून नंबर शोधायला लागली. ओट्याला टेकताना हाताला पीठ लागलं होतं, फोन उघडेना. मी माझ्या पदराने तिचा अंगठा पुसला आणि ती बोलायला लागल्यावर तिथून बाहेर गेले.